पित्ताशय गेलं, मिसळ राहिली

दुर्बिणीतून पित्ताशय काढलं की भेटायला येणारा प्रत्येक जण एकेका पदार्थावर फुली मारून जातो. तूप बंद, अंडं बंद, शेंगदाणे तर विसराच! घोडा, हत्ती आणि कबुतराला हे कोणी सांगितलेलं दिसत नाही. तिघांनाही जन्मतःच पित्ताशय नसतं आणि तिघांचंही खाणं दणक्यात चालतं. मान्य, घोडा-हत्ती बटाटेवडे खात नाहीत. कबुतराची खात्री देता येत नाही.

पित्त बनवतं यकृत, दिवसाला अर्धा ते एक लिटर. पित्ताशय ही नुसती साठवणीची पिशवी. मावतं जेमतेम ३० ते ५० मिलिलिटर, पण आटवून घट्ट केलेलं. स्निग्ध खाणं आतड्यात पोचलं की ती आवळते आणि पित्ताची धार सोडते. पिशवी गेली की उरतं ठिबक सिंचन, रात्रंदिवस थेंब थेंब. वरणभातावरच्या चमचाभर तुपाला ते सहसा पुरतं. श्रीखंड, पाच पुऱ्या आणि वर भजी एकाच बैठकीत आली, तर मात्र काहींची धावाधाव होते.

म्हणून प्रश्न पदार्थाचा कमी आणि एका वेळच्या तेलातुपाचा जास्त. पुरणपोळीच घ्या. पुरणात चरबी किरकोळ, सगळा मामला वरून ओतलेल्या तुपाचा! सुरुवातीचे काही आठवडे मऊ खिचडी, इडली, फुलका, ताक. मग एका वेळी एकच जुना दोस्त ताटात परत आणायचा, तोही थोडासा. रिकाम्या पोटी कडक कॉफी काहींना सोसत नाही.

गंमत इसबगोलाची. बद्धकोष्ठावर घेतात तोच पित्तातली आम्लं धरून ठेवतो आणि पातळ शौचालाही आवर घालतो. जुलाब थांबेनातच, तर त्यावर औषधं आहेत. ताप, कावीळ किंवा पोटात जोराची कळ आली, तर मात्र घरगुती उपाय नकोत, थेट डॉक्टर.

माणसाचं पित्ताशय पहिल्यांदा काढलं कार्ल लांगेनबुख यांनी, बर्लिनमध्ये, १८८२ साली. दुसऱ्या दिवशी रुग्ण सिगार ओढत बसला होता म्हणे! हे पथ्य कोणी उचलू नये. भारतात दुर्बिणीची वाट दाखवली मुंबईच्या डॉ. तेहमटन उडवाडिया यांनी, १९९० मध्ये जे. जे. रुग्णालयात. अमेरिकेचे अध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी तर १९६५ साली शर्ट वर करून पत्रकारांना टाक्यांचा व्रणच दाखवला.

आणि मिसळ? तर्री म्हणजे वर तरंगणारं तेल. ती वेगळ्या वाटीत मागायची, रस्सा तळातून घ्यायचा, फरसाण चिमूटभर, वर लिंबू. कोल्हापुरात वाढपी दोनदा वळून बघेल. बघू दे, पाव तेवढा गरम मागा.