दिवाळ्याआधीचं दान

मुंबई विद्यापीठाच्या ग्रंथालयासाठी दोन लाख रुपये देण्याची तयारी दलाल प्रेमचंद रायचंद यांनी ऑगस्ट १८६४ मध्ये सरकारला कळवली. ऑक्टोबरमध्ये त्यांनी आणखी दोन लाख देऊ केले. हे पैसे ग्रंथालयाला जोडून मनोरा बांधण्यासाठी होते. त्यात मोठं घड्याळ आणि घंटा असाव्यात, आणि मनोऱ्याला आपल्या आईचं, राजाबाईंचं, नाव द्यावं, एवढीच त्यांची इच्छा होती. त्यानंतर नऊ महिन्यांनी, १ जुलै १८६५ला, मुंबईतल्या शेअरच्या वायद्यांची मुदत भरली. बाजार बसला आणि त्यात प्रेमचंदही बुडाले.

राजाबाई टॉवरची गोष्ट समजून घ्यायची तर तारखांचा हा क्रम ध्यानात ठेवावा लागतो. मनोऱ्याच्या बांधकामाचा पहिला दगडसुद्धा बसला नव्हता, तेव्हाच दाता दिवाळखोरीच्या दारात उभा होता.

प्रेमचंद सुरतेचे, जन्म १८३१चा. इंग्रजी लिहिता-बोलता येणाऱ्या पहिल्या देशी दलालांत त्यांची गणना होते. १८६१ साली अमेरिकेत यादवी सुरू झाली, तिथला कापूस अडला आणि इंग्लंडच्या गिरण्यांना हिंदुस्थानातल्या कापसाशिवाय पर्याय उरला नाही. मुंबईत पैशाचा पूर आला. हा पैसा नव्या बँकांत, वित्तसंस्थांत आणि समुद्र हटवून जमीन करणाऱ्या कंपन्यांत शिरला. या सगळ्याच्या मध्यभागी प्रेमचंद होते. एशियाटिक बँकिंग कॉर्पोरेशनवर त्यांची पकड होती आणि बँक ऑफ बॉम्बेमध्ये त्यांचा शब्द चाले. शेअर तारण ठेवून कर्जं उचलली जात आणि त्याच पैशातून पुन्हा शेअर घेतले जात.

अमेरिकेतलं युद्ध थांबलं आणि कापूस उतरला. बँक ऑफ बॉम्बेचं बहुतेक भांडवल बुडालं, १८६८ मध्ये ती गुंडाळावी लागली आणि सरकारला चौकशी आयोग नेमावा लागला. भागधारकांच्या त्या नुकसानीत प्रेमचंद यांचा वाटा मोठा होता. दिनशा वाच्छा यांनी तो सट्ट्याचा काळ तरुणपणी पाहिला होता, पुढे त्यावर पुस्तक लिहिलं आणि प्रेमचंद यांचं चरित्रही लिहिलं. हा भाग झाकून नुसतं औदार्य सांगणं मला मान्य नाही. पण त्याच हातांनी दिलेला पैसा विद्येच्या कामी लागला, हेही तितकंच खरं. तो विद्यापीठासाठी वेळेत वेगळा काढला गेला, म्हणूनच वाचला.

विद्यापीठ १८५७चं, पण त्याला स्वतःचं घर नव्हतं. इमारतींचे आराखडे केले लंडनच्या जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट यांनी. हे गृहस्थ मुंबईला कधी आलेच नाहीत. ग्रंथालयाचं आणि मनोऱ्याचं काम १८६९ साली सुरू झालं आणि नोव्हेंबर १८७८ मध्ये पुरं झालं. खर्च साडेपाच लाखांच्या घरात गेला. मनोऱ्याची उंची सुमारे २८० फूट भरली.

ओव्हल मैदानाच्या बाजूने मान वर करून पाहिलं, की कुर्ल्याच्या पिवळसर दगडाच्या भिंतींवर माणसं उभी दिसतात. पश्चिम हिंदुस्थानातल्या निरनिराळ्या जातीजमातींच्या या चोवीस मूर्ती आहेत. पगडी, पागोटं, अंगरखा, धोतर, सगळं जिथल्या तिथे. त्या घडवल्या रावबहादूर मुकुंद रामचंद्र या सरकारी अभियंत्याने. आराखडा परदेशी गॉथिक थाटाचा, पण त्यावर उभी असलेली माणसं आपल्या बाजारात भेटणारी. स्कॉट यांचं नाव सगळे घेतात, मुकुंद रामचंद्र यांचं फारसं कुणी घेत नाही. ते घेतलं जावं असं मला मनापासून वाटतं.

आत ग्रंथालयात उंच खिडक्यांच्या रंगीत काचांमधून उन्हाचे तुकडे वाचनकक्षात उतरतात. ही इमारत अलीकडे, २०१३ ते २०१५ या काळात, दुरुस्त झाली. तो खर्च टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसने उचलला, आणि २०१८ साली युनेस्कोने त्या कामाची दखल घेतली. व्यापाऱ्याने बांधून दिलेल्या वास्तूला सव्वाशेहून अधिक वर्षांनी पुन्हा उद्योगाचाच हात लागला.

प्रेमचंद यांनी मुंबईपुरतंच पाहिलं नाही. अहमदाबादला शिक्षक घडवणाऱ्या महाविद्यालयाला त्यांचं नाव आहे. पण मला सर्वांत मोलाची वाटते ती कोलकात्याची देणगी. १८६६ मध्ये, म्हणजे स्वतःची पत धुळीला मिळत असताना, त्यांच्या नावे कोलकाता विद्यापीठात दोन लाखांच्या निधीची नोंद झाली. त्यातून प्रेमचंद रायचंद शिष्यवृत्ती सुरू झाली. तिचे मानकरी नावापुढे ‘पी.आर.एस.’ लावत, इतका तिचा दबदबा होता. स्वतः प्रेमचंद पुन्हा दलालीत उतरले, १८७५ साली दलालांची संघटना उभी राहिली तेव्हा तिच्या संस्थापकांत होते, आणि १९०६ मध्ये गेले.

१८९७ साली प्रेमचंद यांच्या नावाची ही शिष्यवृत्ती इतिहासकार जदुनाथ सरकार यांना मिळाली. तिच्यासाठी त्यांनी औरंगजेबकालीन हिंदुस्थानावर प्रबंध लिहिला आणि तिथून मराठ्यांच्या इतिहासाकडे वळले. रियासतकार सरदेसाई त्यांचे जिवलग झाले. १९१९ साली जदुनाथांचं शिवाजी महाराजांवरचं इंग्रजी पुस्तक आलं, आणि पुण्याच्या इतिहासकारांनी त्यातल्या निष्कर्षांवर जे वाद घातले ते अजून मिटलेले नाहीत.