डबा तसाच परत येतो तेव्हा

मुलुंडमध्ये बोलायला आलो की आम्हाला पालकांचा हा प्रश्न हमखास येतो: ‘गोळी सुरू झाल्यापासून डबा तसाच परत येतो, काय करायचं?’

एडीएचडीसाठीचं मुख्य औषध मिथाइलफेनिडेट. त्यानं भूक मरते, हे खरंच आहे. साध्या गोळीचा असर साधारण ४ तास. सकाळी शाळेआधी दिली की मधल्या सुट्टीत भूक नसते, दुपारनंतर परत येते. म्हणून आम्ही सांगतो, पोहे-उपमा आधी पोटभर, गोळी नंतर. डब्यावरून मुलाला रागावू नका, संध्याकाळी वरणभात-तूप जास्त वाढा.

झोप लांबणं, पोट दुखणं, असर उतरताना चिडचिड, हे बहुतेकदा डोस किंवा वेळ बदलून आटोक्यात येतं. उंचीची भीती मात्र हसण्यावारी नेऊ नये. अमेरिकेतल्या एमटीए अभ्यासात ३ वर्षांनंतर औषध घेणारी मुलं न घेणाऱ्यांपेक्षा सुमारे २ सेंटिमीटरनं मागे होती. तेव्हा उंची, वजन, नाडी, रक्तदाब नियमित मोजायचे. घरात कुणाचा तरुणपणी अचानक मृत्यू झाला असेल, तर गोळी सुरू होण्याआधीच डॉक्टरांना सांगा.

हे औषध शेड्यूल एक्समध्ये येतं, चिठ्ठीच्या दोन प्रती लागतात. ते पाहून आजी-आजोबा धसकतात! पण नियम गैरवापर टाळण्यासाठी आहे.

दुसरं औषध अ‍ॅटोमॉक्सेटिन. त्यात मळमळ, सुस्ती. क्वचित मुलाच्या मनात मरणाचे विचार येतात. मूल तसं काही बोललं, तर पुढच्या तारखेची वाट पाहू नका, त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा.