जिताडा नराचा मादी होतो, पण प्रदूषणामुळे का?

मागच्या रविवारी गंगापूर रोडवरच्या फ्लॅटमध्ये लॅपटॉप उघडून बसलो होतो, तेवढ्यात पेणहून मावसभावाचा फोन. "दादा, रील पाठवलंय ते बघ. गिऱ्हाईकं विचारतायत." घरामागच्या तळ्यात तो जिताडा पाळतो. रीलमध्ये जिताड्याचा फोटो आणि लाल अक्षरं: 'प्रदूषणामुळे नर मासे मादी होतायत, खाऊ नका'. दोघांनी ऑर्डरही रद्द केली होती.

रील पूर्ण खोटं असतं तर सोपं होतं. हे अर्धं खरं आहे.

जिताडा, म्हणजे गोव्यातला चोणक, आधी नर म्हणून वयात येतो. काही वर्षांनी, चांगला मोठा झाला की मादी होतो. ऑस्ट्रेलियातल्या नोंदींमध्ये माद्या साधारण ८५ ते १०० सेंमीच्या पुढे दिसतात. पाणी अगदी स्वच्छ असलं तरी हे होतंच. हेकरूचं बरोबर उलटं, आधी मादी आणि मग नर. आमच्या भाषेत, हा बदल कोडमध्येच लिहिलेला आहे.

प्रदूषणाने होतं ते वेगळं. हार्मोन ही किल्ली समजा आणि पेशीतला रिसेप्टर हे कुलूप. काही रसायनं त्या कुलपात डुप्लिकेट किल्लीसारखी बसतात. कॅनडात ऑन्टारियोमधल्या 'लेक २६०' या तळ्यात शास्त्रज्ञांनी २००१ ते २००३ अशी तीन वर्षं गर्भनिरोधक गोळीतलं इस्ट्रोजेन मुद्दाम सोडलं. प्रमाण लिटरला ५-६ नॅनोग्रॅम. म्हणजे २५ लाख लिटरच्या ऑलिंपिक पूलमध्ये साधारण १२-१५ मिलिग्रॅम, तांदळाच्या एका दाण्याहून कमी! तिथल्या फॅटहेड मिनो या छोट्या माशांचे नर अंड्याच्या बलकाचं प्रोटीन बनवायला लागले, काहींच्या वृषणात अंडपेशी दिसल्या आणि त्या माशांची संख्या जवळपास संपली. हार्मोन सोडणं बंद केल्यावर काही वर्षांनी ती परत वाढली.

असं हार्मोन पाण्यात येतं ते मुख्यतः लघवीतून, सांडपाण्यावाटे. सांडपाणी केंद्रं घाण कमी करण्यासाठी बांधलेली असतात, हार्मोन त्यांच्यातून थोडंफार निसटतंच. नदीत ते वाहून पातळ होतं. पण चिल्कासारख्या खाजणात, जिथे वाळूच्या बांधामुळे पाण्याला समुद्राकडे जायला अरुंद वाट असते, तिथे आलेली रसायनं जास्त दिवस रेंगाळतात आणि गाळात बसतात.

आपल्या किनाऱ्यावरचं उदाहरण माशाचं नाही, शंखाचं आहे. जहाजांच्या तळाला शेवाळ आणि शिंपले चिकटू नयेत म्हणून टीबीटी नावाचं रसायन असलेला रंग लावायचे. त्याने शंखांच्या माद्यांना नराचं लिंग फुटतं. दोना पावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी २००६ मध्ये 'जिरिनियम नॅटेटर' या शंखात हे नोंदवलं. फ्रान्सने तर आर्काशोंच्या खाडीतले कालवं बिघडल्यावर १९८२ मध्येच लहान बोटींवर हा रंग बंद केला होता. जगभरची बंदी लागू व्हायला सप्टेंबर २००८ उजाडलं.

मग ओळखायचं कसं? फोटोवरून नाही, गूगल लेन्सवरूनही नाही. मासा कापून वृषणाचा पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली बघावा लागतो. त्यातही जिताड्यासारख्या माशात बदल चालू असताना दोन्ही प्रकारच्या पेशी एकत्र दिसू शकतात, त्यामुळे मुळात कोणता मासा आहे हे आधी माहीत हवं. रील बनवणाऱ्याने यातलं काय केलं असेल, तुम्हीच सांगा.

भावाला हे सगळं व्हॉइस नोटमध्ये पाठवलं. म्हटलं, जिताडा मादी झाला म्हणून खायला वाईट होत नाही, गिऱ्हाइकांना बिनधास्त सांग. त्याचा लगेच रिप्लाय, "ते ठीक आहे. पण माझ्या तळ्यात खाडीचं पाणी येतं, त्याचं काय?"

प्रश्न रीलपेक्षा कितीतरी चांगला होता. माशाच्या लिंगावरून त्याचं उत्तर मिळणार नाही, पाणी आणि गाळ लॅबला द्यावा लागेल. बाटल्या कशा भरायच्या ते आता आम्ही विचारतोय.