पहिली मजल थोडी

दिवाळीच्या सुमारास गोडादऱ्याच्या रस्त्याकडेला उभ्या असलेल्या लक्झरीच्या पोटात डोके घालून चार-पाच माणसे तावातावाने बोलत असलेली दिसली, तर गाडी बिघडली आहे असे कोणी समजू नये. तेथे बहुधा डिक्की भरण्याचे काम चाललेले असते, आणि आपणांस जे भांडण वाटते तो वस्तुतः आधी कढई की आधी गाद्या, या गहन प्रश्नाचा ऊहापोह असतो. या प्रश्नाचा निकाल गेल्या बावीस वर्षांत अकरा यात्रा करूनही आमच्या मंडळींत एकमताने लागलेला नाही. माझे स्वतःचे मत मात्र पक्के आहे, आणि ते यथावकाश सांगेनच.

सुरतेच्या पूर्वेकडे लिंबायत, डिंडोली, नवागाम आणि आमचे गोडादरा असा जो पट्टा पसरला आहे, त्यात जळगाव, धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांतून पोटापाण्यासाठी आलेल्या कुटुंबांची दाट वस्ती आहे. तापी व्हॅली रेल्वेने सुरत आणि खानदेश एकमेकांना जोडले त्याला सव्वाशे वर्षे होत आली, आणि लूमची खाती, डाइंगच्या मिली व कापड मार्केट यांनी त्या वाटेवरची गर्दी कधी ओसरू दिली नाही. वर्षभर पाळीच्या भोंग्यावर जगणाऱ्या या वस्तीला मोठी सुट्टी एकच; दिवाळीला बाजार बंद होतो तो लाभपाचमीपर्यंत आणि व्यवहारात त्याहूनही काही दिवस अधिक. तेवढ्या अवधीत कोणी गावी जातो, कोणी वणीच्या गडावर जातो, आणि कोणी चाळीस जणांची वर्गणी जमवून, बस ठरवून, स्वयंपाकाच्या सरंजामासह तीन-चार प्रांत ओलांडीत काशीकडे कूच करतो.

अशा यात्रेत काशी-प्रयागचे जे दिवस येतात त्यांचे वर्णन वाचकांनी इतरत्र पुष्कळ वाचले असेल. मला विलक्षण कुतूहल आहे ते पहिल्या तीन दिवसांचे. घर सोडलेल्या चाळीस माणसांचे एक चालते घर बनते ते याच तीन दिवसांत, आणि नाही बनले तर पुढचे पंधरा दिवस प्रत्येक मुक्कामावर त्याची शिक्षा भोगावी लागते.

ती शिक्षा आम्ही एकदा भोगली आहे. आमच्या तिसऱ्या यात्रेत तरुण मंडळींच्या उत्साहापुढे मान तुकवून आम्ही पहिल्याच दिवशी थेट उज्जैन गाठण्याचा बेत केला. चारशेहून अधिक किलोमीटरची ती मजल संपायला मध्यरात्र उलटली. धर्मशाळेचे दार बंद, मुले रडकुंडीला आलेली, आणि डिक्की उघडून पाहतो तो पीठ, तवा आणि पोळपाट हे तिन्ही जिन्नस गाद्यांच्या, ट्रंकांच्या आणि ताडपत्रीच्या मागे अगदी तळाशी गेलेले. रस्त्यावरच्या दिव्याखाली सगळी डिक्की रिकामी करून आम्ही शेवटी काय खाल्ले, तर घरून आणलेल्या दशम्या, आणि त्या वरच्या पिशवीतच होत्या! दुसऱ्या दिवशी महाकालाच्या रांगेत आमच्यातले दोन साडू एकमेकांशी बोलत नव्हते.

या प्रसंगानंतर मी पूर्वीच्या लोकांच्या प्रवासाविषयी जे सापडेल ते वाचू लागलो, आणि आपले पूर्वज याबाबतीत आपल्यापेक्षा फार शहाणे होते असे माझ्या ध्यानात आले. घरातील वडील मंडळी मुहूर्तावर निघणे न जमल्यास प्रस्थान ठेवीत, म्हणजे तांदूळ, सुपारी, एखादे वस्त्र असे काही ज्या दिशेला जायचे त्या दिशेच्या दुसऱ्या घरी नेऊन ठेवीत. शास्त्राने मनुष्य निघालेला, व्यवहाराने अजून घरीच. ही केवळ मुहूर्ताची पळवाट आहे असे मला तरुणपणी वाटे. आता वाटते की निघणे आणि पोहोचणे यांच्यामध्ये एक पायरी असावी लागते, हे ज्यांना कळले होते त्यांनीच ती रीत पाडली असावी. बादशाही प्रवासाचाही हाच शिरस्ता होता. फ्रान्सिस बर्निये हा फ्रेंच वैद्य आपल्या सुरत बंदरातूनच हिंदुस्थानात आला होता. १६६४ च्या डिसेंबरात औरंगजेब काश्मीरच्या लांब प्रवासाला निघाला तेव्हा तोही लवाजम्याबरोबर होता, आणि त्याने लिहून ठेवले आहे की बादशहा दिल्लीहून निघून जेमतेम दोन कोसांवरच्या शालिमार बागेत उतरला व तेथे पुरते सहा दिवस राहिला, का, तर एवढ्या मोठ्या सफरीची राहिलेली तयारी पुरी व्हावी म्हणून. (त्याच वर्षीच्या जानेवारीत शिवाजी महाराज सुरतेला येऊन गेले होते, त्यांची मजल अर्थातच वेगळ्या जातीची होती, आणि तिचे अनुकरण बसने करता येत नाही.) बर्नियेने पेशखान्याचेही वर्णन केले आहे. तंबूंचे दोन संच असत, एकात बादशहाचा मुक्काम पडे तेव्हा दुसरा एक मजल पुढे जाऊन उभा राहिलेला असे, त्यामुळे सायंकाळी पोहोचणाऱ्याला निवारा तयार मिळे.

कर्तव्य म्हणून येथे एवढे नमूद करतो की, चाकांवरचे घर घेऊन हौसेखातर हिंडण्याची पाश्चात्त्य प्रथा डॉ. गॉर्डन स्टेबल्स या आरमारी शल्यवैद्याने १८८५ साली ‘वाँडरर’ नावाची घोड्यांची गाडी बांधवून घेतली तेव्हापासून सांगतात. १९०७ मध्ये इंग्लंडात अशा हौशी लोकांचा क्लब निघाला, पुढे मोटारी आल्या, अमेरिकेत त्याचा मोठा धंदा झाला, आणि २०२१ साली महाराष्ट्र सरकारनेही कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण जाहीर केले. त्या गाडीत पलंग, शेगडी, न्हाणी असे सगळे असते म्हणे. मी ती प्रदर्शनात आतून पाहिली आहे. छान आहे, पण चौघांची आहे, आणि चौघांत आमच्याकडे साधा चहासुद्धा होत नाही.

तर गतवर्षीच्या यात्रेत आम्ही नर्मदेच्या काठाकाठाने तीन मुक्काम ठरविले: नारेश्वर, गरुडेश्वर आणि महेश्वर. भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आठ वाजता, म्हणजे यात्रेच्या मानाने अगदीच आळशी वेळेला, एकोणचाळीस माणसे, एक आचारी, एक ड्रायव्हर आणि एक क्लीनर घेऊन बस निघाली. कामरेजला तापी, भरूचला नर्मदा. भरूचच्या जुन्या पुलावर पूर्वी वाहनांची अशी कोंडी होई की आमचे जिभाऊ तेथे पत्त्यांचा एक डाव पुरा करीत. २०१७ मध्ये दोरखंडांचा नवा पूल झाला आणि जिभाऊंचा डाव मोडला. दुपारी दोनच्या आत आम्ही नारेश्वरला होतो. वडोदरा जिल्ह्यातील या ठिकाणी रंग अवधूत महाराजांचा आश्रम आहे. पांडुरंग विठ्ठल वळामे हे त्यांचे पूर्वाश्रमीचे नाव, घराणे मराठी, जन्म गोध्र्याचा, आणि १९३५ साली त्यांनी रचलेली दत्तबावनी गुजरातेत घरोघरी म्हटली जाते, तीही गुजरातीत. सुरतेच्या मराठी माणसाने पहिला मुक्काम येथे करावा यात मला एक प्रकारचे औचित्य वाटते.

परंतु त्या दिवसाचे मुख्य कार्य दर्शन नव्हते, विसरलेल्या वस्तूंचा हिशेब हे होते. पोहोचल्यावर तासाभरात पंचनामा झाला: नानांच्या रक्तदाबाच्या गोळ्या देव्हाऱ्यात राहिल्या होत्या, जिजींचा दुसरा चष्मा, मोठ्या परातीचे जोडीदार पातेले, आणि टपावरच्या ट्रंकेची किल्ली. गोडादऱ्याला फोन गेला. रात्री नऊ वाजता भाचा मोटारसायकलवर सगळे घेऊन हजर झाला, जेवला, आणि पहाटे परत गेला. उज्जैनला हे शक्य नव्हते. शालिमार बागेतल्या सहा दिवसांचे इंगित आमच्यापुरते एवढेच.

आता डिक्कीकडे वळतो, कारण माझा जीव तेथे अडकलेला आहे. लक्झरीची डिक्की ही कोठी नव्हे. कोठीत वस्तू राहतात, डिक्कीतून त्या रोज निघतात आणि रोज परत जातात, म्हणून तिचा कायदा उलटा आहे. जे मुक्कामावर सर्वांआधी लागते ते सर्वांत शेवटी भरावे: ताडपत्री, केरसुणी, पाण्याचे कॅन, चहाचे पातेले, साखर-पत्तीचा डबा, आणि तवा. त्यामागे पिठाची पिंपे, डाळ-तांदूळ, तेलाचे डबे. गाद्या दुसऱ्या बाजूच्या डिक्कीत, म्हणजे बायका चुलीकडे असताना पुरुषांना निमूटपणे अंथरुणे काढता येतात आणि कोणी कोणाच्या पायात येत नाही. आचारी महाराजांचे मत वेगळे आहे. कढई तळाशी उपडी घालून तिच्या पोटात मसाल्याचे डबे बसवले की जागा वाचते असे ते म्हणतात. जागा वाचते हे खरे, परंतु हळद काढण्यासाठी कढई उचलावी लागते हेही खरे.

सिलिंडर मात्र आम्ही आता बसमध्ये ठेवीत नाही. २६ ऑगस्ट २०२३ रोजी मदुराई येथे लखनौहून आलेल्या यात्रेकरूंच्या रेल्वेच्या डब्यात, चोरून नेलेल्या सिलिंडरमुळे आग लागली आणि नऊ माणसे गेली, ती बातमी आमच्या आळीत मोठ्याने वाचली गेली होती. तेव्हापासून मुक्कामाच्या गावी मंडपवाल्याकडून शेगडी व सिलिंडर भाड्याने घ्यावयाचे, आणि न मिळाल्यास बरोबरच्या लोखंडी चुलीवर लाकडे लावावयाची, असा दंडक आहे. यात अर्धा तास अधिक मोडतो. त्या अर्ध्या तासात नदीवर जाऊन येता येते.

दुसरी मजल त्याहूनही थोडी, गरुडेश्वरची. माणगावचे वासुदेवानंद सरस्वती, म्हणजे टेंबे स्वामी, १९१४ साली येथे समाधिस्थ झाले, आणि रंग अवधूत हे त्यांचेच शिष्य, तेव्हा आम्ही शिष्याकडून गुरूकडे असे उलट निघालो होतो. स्वामींनी दंड-कमंडलूनिशी हिंदुस्थानभर पायी संचार केला. त्यांच्या समाधीसमोर उभे असताना बाहेर आमची बेचाळीस माणसांची बस, तिच्यातली अकरा पिंपे आणि टपावरच्या सोळा ट्रंका आठवून मला किंचित ओशाळल्यासारखे झाले. जवळच केवडियाला १८२ मीटरचा सरदार पटेलांचा पुतळा आहे. तरुण मंडळी तो पाहून आली. मी त्या दुपारी आसनांचा तक्ता करीत बसलो होतो, कारण रोज प्रत्येकाने एक रांग मागे सरकावे आणि शेवटच्या रांगेने पुढे यावे, हा नियम दुसऱ्या दिवशीच्या आत अमलात आला नाही तर आसने ज्याच्या-त्याच्या मालकीची होतात.

तिसऱ्या दिवशी मात्र मजल लांब ठेवली, पहिल्या दोन दिवसांच्या बेरजेहून लांब. बोडेली, छोटा उदेपूर, मग प्रांताची हद्द ओलांडून अलीराजपूर आणि कुक्षी. पूर्वी हद्दीवर प्रत्येक प्रांताचा कर भरण्यासाठी ड्रायव्हर कागदांची पिशवी घेऊन नाक्यावर तासन्‌तास उभा राही. एप्रिल २०२१ पासून पर्यटक वाहनांना अखिल भारतीय परवाना एकाच ठिकाणी पैसे भरून मिळू लागला, आणि आता हद्द ओलांडली हे केवळ पाट्यांवरची गुजराती अक्षरे जाऊन नागरी आली यावरून कळते. जिजींनी ती अक्षरे मोठ्याने वाचून दाखविली. चाळीस वर्षे सुरतेत राहूनही त्यांना गुजराती वाचता येत नाही, हे आम्हांला त्या दिवशी कळले.

दिवेलागणीला महेश्वरी पोहोचलो. अहिल्याबाई होळकरांनी १७६७ ते १७९५ पर्यंत ज्या गावातून राज्य चालविले, आणि जेथे बसून काशीच्या विश्वेश्वराचे मंदिर १७८० मध्ये बांधविले, तेथे काशीला निघालेल्या माणसाने घाटावर काही काळ स्वस्थ बसावे अशी माझी इच्छा होती; परंतु त्या रात्री वरण-बट्टीचा बेत होता, आणि त्यापुढे इतिहास मागे पडला. गव्हाच्या जाड्या पिठात थोडा मका, ओवा, हळद, मीठ आणि तेलाचे मोहन घालून महाराजांनी घट्ट कणीक मळली, तिचे मुठीएवढे गोळे पातेल्यावर बांधलेल्या फडक्यावर वाफवले, निवल्यावर सुरीने चिरले आणि तुपात सोडले. तळताना त्यांच्या कडा आधी फुगतात, मग लाल होतात, आणि ओव्याचा वास सगळ्या धर्मशाळेत हिंडतो. वासाच्या मागोमाग शेजारच्या घरातील एक वृद्ध बाई आल्या. “बाफले बना रहे हो?” त्यांनी विचारले. माळव्यात बाफला आधी पाण्यात उकडतात आणि मग गोवऱ्यांवर भाजून तुपात बुडवितात. नाते जवळचे, पण घर निराळे. जिजींनी हातातला झारा न सोडता उत्तर दिले, “नही माय, ही बट्टी शे.” बाईंना अहिराणी कळली की नाही देव जाणे, परंतु त्या बसल्या, दोन बट्ट्या खाल्ल्या, आणि तुरीच्या वरणात गूळ का नाही असे विचारून गेल्या. त्या दिवशी पंक्तीत ते दोन साडू शेजारी शेजारी बसले होते.

नारेश्वरला पहिल्या संध्याकाळी डिक्की रिकामी करायला पाऊण तास आणि दुसऱ्या सकाळी भरायला सव्वा तास लागला होता. महेश्वरला चौथ्या दिवशी पहाटे घड्याळ लावून पाहिले. अठरा मिनिटे लागली, आणि तवा सर्वांत शेवटी गेला.