कातड्याला राहिलेलं मांस

१९६९ साली केप टाउनच्या संग्रहालयात राइनहोल्ड राऊ क्वाग्गाच्या एका शिंगराचं जुनं कातडं सोडवून नव्याने बसवत होते. मेलेल्या जनावरात पेंढा भरून त्याला जिवंतपणाचा आकार देणं हे त्यांचं काम. कातडं उलटं केलं तर आतून वाळलेल्या मांसाच्या चिंधड्या चिकटलेल्या! आधीच्या कारागिराने ते नीट खरवडलंच नव्हतं. दुसऱ्या कुणी तो कचरा झाडून टाकला असता. राऊंनी तो जपला. पुढे जर्मनीत माइन्झच्या संग्रहालयातले क्वाग्गे दुरुस्त करतानाही त्यांनी तसेच नमुने राखले.

पुढून झेब्र्यासारखा पट्टेरी आणि मागून साधा तपकिरी असा हा प्राणी दक्षिण आफ्रिकेच्या माळांवर कळपाने चरत असे. तो ‘क्वा-हा-हा’ असा ओरडे, म्हणून तिथल्या खोइखोइ लोकांनी त्याच्या ओरडण्यालाच त्याचं नाव केलं. डच वसाहतवाल्यांनी ते उचललं, पण सरसकट सगळ्या झेब्र्यांना लावलं. मेंढ्यांचं गवत खातो म्हणून, मांसासाठी, कातड्यासाठी त्यांनी क्वाग्गे टिपले. माळावर पट्टेरी जनावरं दिसत होती आणि सगळ्यांचं नाव एकच, मग खरा क्वाग्गा संपत आल्याचं कळणार कसं? १२ ऑगस्ट १८८३ रोजी ॲमस्टरडॅमच्या प्राणिसंग्रहालयात एक मादी मेली. ती शेवटची होती, हे तेव्हा कुणाच्याही ध्यानात आलं नाही. त्या ढिलाईची मला आजही चीड येते.

राऊंनी जपलेलं मांस अखेर कॅलिफोर्नियात बर्कलीला, ॲलन विल्सन आणि रसेल हिगुची यांच्या प्रयोगशाळेत पोचलं. माइन्झच्या कातड्यावरचं ते मांस १४० वर्षांचं होतं. एवढ्या जुन्या, सुकलेल्या तुकड्यात वाचण्याजोगा डीएनए उरला असेल का? उरला होता. २२९ अक्षरं वाचता आली. नामशेष प्राण्याचा डीएनए माणसाने वाचला तो तेव्हा पहिल्यांदा. १९८४ मध्ये ‘नेचर’ने तो निष्कर्ष छापला. पुढच्या अभ्यासांतून कळलं, की क्वाग्गा ही वेगळी जात नव्हेच, माळरानी झेब्र्याचीच एक उपजात.

मग राऊंनी धाडस केलं. १९८७ मध्ये नामिबियातल्या इटोशाहून नऊ झेब्रे आणून, क्वाग्गासारखं दिसणारं जनावर पुन्हा घडवण्यासाठी फिक्या पट्ट्यांच्या जोड्या लावत पैदास सुरू केली. पिढ्यांमागून पिढ्या मागच्या भागावरचे पट्टे खरोखर विरत गेले. पण दिसणं जुळलं म्हणून मूळ प्राणी परत आला असं मी मानत नाही. ही पैदास करणाऱ्यांनीही या नव्या झेब्र्यांना नुसतं क्वाग्गा न म्हणता ‘राऊ क्वाग्गा’ म्हटलं, हे मला फार योग्य वाटतं.