मेडिकलवाल्याने दिलेली गोळी

पसरणी घाटाची वळणं चढून आलेल्या पर्यटकाला मळमळतं आणि पाचगणीत उतरताच तो आधी मेडिकल शोधतो. "काहीतरी द्या हो," एवढंच म्हणतो. समोरचा माणूस पट्टीतून गोळी कापून देतो. आता यात औषध ठरवलं कोणी?

गैरसमज : फार्मासिस्ट औषधंच तर शिकलेला असतो, मग त्याला ती लिहून देताही येतात.

वस्तुस्थिती : भारतात नाही. डी. फार्म असो, बी. फार्म असो की २००८ पासून सुरू झालेला सहा वर्षांचा फार्म. डी., यांतल्या कोणत्याही शिक्षणाने स्वतंत्रपणे औषध लिहिण्याचा हक्क मिळत नाही. शेड्यूल एच, एच-१ आणि एक्समधली औषधं नोंदणीकृत डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच द्यायची असतात. २०१५ च्या फार्मसी प्रॅक्टिस नियमावलीने फार्मासिस्टवर रुग्णाला समजावून सांगण्याची जबाबदारी टाकली. गोळी कधी घ्यायची, कशासोबत नाही, विसरली तर काय करायचं, हे त्याने सांगायचं. ते किती ठिकाणी होतं, हे वाचकाने आपल्या पुढच्या खरेदीत पाहावं.

गैरसमज : चिठ्ठीतला ब्रँड नसेल तर तेच घटक असलेला दुसरा देता येतो.

वस्तुस्थिती : शेड्यूल एचच्या औषधांत तेही नाही. डॉक्टरांना विचारावं लागतं.

गैरसमज : परदेशात दुकानदारच औषध लिहून देतो.

वस्तुस्थिती : ब्रिटनमध्ये फार्मासिस्ट लिहितो हे खरं, पण तिथवर पोचायला वेळ लागला. २००३ मध्ये डॉक्टरांशी ठरवलेल्या आराखड्यात लिहिण्याची मुभा मिळाली, २००६ मध्ये स्वतंत्रपणे. त्यासाठी अनुभवी फार्मासिस्टला वेगळा अभ्यासक्रम आणि लिहिण्याचा हक्क असलेल्या माणसाच्या देखरेखीखाली किमान ९० तासांचं प्रत्यक्ष काम करावं लागे. आता २०२६ पासून नव्याने नोंदणी होणाऱ्यांच्या मूळ शिक्षणातच हे येत आहे. तरीही ज्याचा हात रक्तदाबावर बसला आहे, त्याने आपल्या आवाक्याबाहेरच्या रोगावर लिहायचं नाही. आणि मला सगळ्यात महत्त्वाची वाटते ती अट अशी, की लिहिणारा आणि देणारा शक्यतो वेगळा असावा. आपल्याकडे सल्ला आणि गल्ला एकाच टेबलावर आहेत; खरी अडचण तिथे आहे, अभ्यासक्रमात नाही.

गैरसमज : ॲलोपॅथी डॉक्टर सोडून दुसऱ्या कोणाला प्रशिक्षण देऊन औषध लिहू देणं महाराष्ट्राला मान्यच होणार नाही.

वस्तुस्थिती : होमिओपॅथी डॉक्टरांसाठी आधुनिक औषधशास्त्राचा एक वर्षाचा अभ्यासक्रम राज्याने आणलाच की. त्यासाठी २०१४ मध्ये कायदाही बदलला. ॲलोपॅथी डॉक्टरांच्या संघटनांनी विरोध केला, वाद अजून धुमसतो. गंमत अशी की औषधशास्त्र वर्षानुवर्षं शिकलेला फार्मासिस्ट या रांगेत कुठेच नाही.

गैरसमज : लिहिण्याचा हक्क नाही, म्हणजे त्याचं काम फक्त गोळ्या मोजणं.

वस्तुस्थिती : पाचगणीत हे कोणी म्हणू नये. डॉ. बिलिमोरियांनी १९१२ मध्ये इथे बेल-एअर हे क्षयरोग्यांचं आरोग्यधाम काढलं, तेव्हा क्षयावर औषध नव्हतं. हवा, विश्रांती आणि आहार एवढाच उपचार. आज औषधं आहेत आणि म्हणूनच जपावी लागतात. २०१४ पासून ती शेड्यूल एच-१ मध्ये आहेत. डॉक्टर, रुग्ण, औषध आणि किती दिलं, हे वेगळ्या वहीत लिहून ती वही तीन वर्षं ठेवायची असते. २०१८ पासून क्षयरुग्णाची माहिती सरकारला कळवणंही दुकानावर बंधनकारक आहे.

शेड्यूल एच-१ च्याच यादीत लिव्होफ्लॉक्सॅसिन हे प्रतिजैविकही आहे. खोकल्यावर ही गोळी चिठ्ठीविना दिली, तर क्षय असलेल्या माणसाला काही दिवस बरं वाटतं, निदान लांबतं आणि जंतू औषधाला सरावतात. निदान शिकवल्याशिवाय लिहिण्याचा हक्क का देऊ नये, याला याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही. दोन आठवड्यांहून जास्त खोकला असेल तर क्षयाची तपासणी करावी, हा सरकारी निकष आहे. खोकल्याची तिसरी बाटली मागणाऱ्याला तपासणीला धाडायला मात्र कसलाच परवाना लागत नाही. क्षयाची औषधं सरकारी केंद्रात मोफत मिळतात, हेही त्याला दुकानातच सांगता येतं.