नैतिक कर्तव्यसंघर्ष

नैतिक कर्तव्यसंघर्ष ही नीतिशास्त्रातील एक संकल्पना आहे. एकाच व्यक्तीवर दोन किंवा अधिक कर्तव्यांचे बंधन असते, पण त्या सर्वांचे पालन एकाच वेळी शक्य नसते, अशा स्थितीला कर्तव्यसंघर्ष म्हणतात. नैतिक विधाने सत्य असू शकतात का, या प्रश्नाशीही तिचा निकटचा संबंध आहे.

जांब येथील आख्यायिका

जालना जिल्ह्यातील घनसावंगी तालुक्यात असलेले जांब समर्थ हे समर्थ रामदासांचे जन्मगाव होय. त्यांचा जन्म इ.स. १६०८ मध्ये झाला. मूळ नाव नारायण सूर्याजी ठोसर. परंपरेनुसार, विवाहास तयार नसलेल्या नारायणाकडून आई राणूबाईंनी अंतरपाट धरेपर्यंत नकार न देण्याचे वचन घेतले. त्याने ते पाळले. मात्र मंगलाष्टकांतील 'सावधान' हा शब्द ऐकताच तो बोहल्यावरून निघून गेला. त्यानंतर त्याने नाशिकजवळ टाकळी येथे तपश्चर्या केली.

वचनाचा अर्थ

शब्दशः पाहता वचन मोडले नाही. परंतु मुलाने विवाह करावा हा आईचा हेतू होता आणि तो नारायणासही ठाऊक होता. वचनाचे बंधन शब्दांत असते की ऐकणाऱ्याच्या मनात निर्माण झालेल्या अपेक्षेत, असा प्रश्न येथे उपस्थित होतो. वधूला कोणतेही वचन दिलेले नव्हते, तरीही ती व तिचे कुटुंब मंडपात विश्वासाने उभे होते. त्यामुळे तिच्याविषयीचे कर्तव्य वचनावर अवलंबून नाही.

प्रमुख मते

इमॅन्युएल कांट यांच्या मते दोन कर्तव्ये परस्परविरोधी असू शकत नाहीत. विरोध केवळ त्यांच्या आधारांमध्ये असतो आणि अधिक बलवान आधारच बंधनकारक ठरतो. डब्ल्यू. डी. रॉस यांनी १९३० मध्ये प्रथमदर्शनी कर्तव्यांची कल्पना मांडली. त्यांच्या मते वचनपालन, कृतज्ञता, अहिंसा इत्यादी कर्तव्यांचा निश्चित अनुक्रम नसतो. प्रसंगानुसार त्यांचे तारतम्य ठरवावे लागते. लोकमान्य टिळकांनी 'गीतारहस्य' (१९१५) या ग्रंथातील 'कर्मजिज्ञासा' प्रकरणात सत्य, अहिंसा आदी धर्मांमधील विरोधाची चर्चा केली आहे.

मतभेद व नैतिक सत्य

जे. एल. मॅकी यांनी १९७७ मध्ये नैतिक मूल्यांची वस्तुनिष्ठता नाकारली. समाजासमाजांतील नैतिक मतभेदांचे स्पष्टीकरण भिन्न जीवनपद्धतींवरून अधिक चांगले देता येते, हा त्यांचा एक युक्तिवाद होता. यावरील आक्षेप असा की, अनेक मतभेद मूळ तत्त्वांविषयी नसून त्यांच्या उपयोजनाविषयी असतात. नारायणाचे समर्थक व टीकाकार दोघेही वचन पाळले पाहिजे हे मान्य करतात. त्याने ते पाळले की नाही, याविषयी त्यांचे दुमत असते. असा मतभेद समान तत्त्व गृहीत धरतो. म्हणून केवळ मतभेदावरून नैतिक सत्याचा अभाव सिद्ध होत नाही. त्याचबरोबर, समान तत्त्वामुळे त्याचे अस्तित्वही सिद्ध होत नाही.

उरलेले कर्तव्य

बर्नार्ड विल्यम्स यांनी १९६५ मध्ये दाखवून दिले की, योग्य पर्याय निवडल्यानंतरही डावललेले कर्तव्य पूर्णतः नाहीसे होत नाही. त्याविषयीची खंत राहते व ती विवेकहीन नसते. या दृष्टीने पाहता नारायणाचा निर्णय योग्य मानला, तरी आई व वधू यांच्याविषयीची जबाबदारी संपत नाही. चोवीस वर्षांनी रामदास मातेच्या भेटीसाठी जांब येथे परतले, असे परंपरा सांगते.